पूर्वेची सुट्टी, पश्चिमेच्या चादरी

लॉन्ड्रीच्या मालकांनी सुट्टीचे नियम वाचले आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांचं दुकानच तसं होतं. दोन प्रांतांची हद्द बरोबर मधून जायची आणि मोजणीवाल्यांनी कधीकाळी फरशीवर लाल रेघ ओढून ठेवली होती. काउंटर पूर्व प्रांतात. धुलाईची यंत्रं आणि इस्त्रीचं टेबल पश्चिमेत. आजची सुट्टी होती फक्त पूर्वेची.

"आज जो पूर्वेत काम करेल त्याला दुप्पट पगार, पश्चिमेत रोजचाच," ते बायकोला म्हणाले. "काउंटरवर मी बसतो. म्हणजे दुप्पट कुणालाच नाही."

"आणि हॉटेलच्या चादरी? आज पोचल्या नाहीत तर ते दुसरी लॉन्ड्री बघणार आहेत."

"धुणं मागे, इस्त्री मागे. सगळं पश्चिमेत."

धुलाईवाल्या मावशींनी आणि इस्त्रीवाल्या मामांनी हे ऐकलं. दोघांनीही वाद घातला नाही. खरं तर तिथेच मालकांनी सावध व्हायला हवं होतं.

पहिला गठ्ठा घेऊन मामा आले आणि रेघेपाशी थबकले.

"आणा ना पुढे, टेम्पो दारात उभा आहे," मालक म्हणाले.

"आणतो की. पण पाऊल टाकलं की पूर्व लागली. तुमचं उगाच नुकसान नको."

मालकांनी मुकाट्याने गठ्ठा टेम्पोत नेऊन ठेवला. परत येतात तोच मावशींची हाक आली, "साबण संपला हो. पोतं पुढच्या कपाटात आहे." मालकांनी पोतं आणलं. मग मळके कपडे आत, धुतलेले बाहेर, पुन्हा गठ्ठा. जेवायलाही उसंत मिळेना. एका गिऱ्हाईकाने तर मालकीणबाईंना हळूच विचारलं, "नवा गडी ठेवलात वाटतं? वयस्कर आहे, पण चपळ आहे."

"अहो, देऊन टाका दुप्पट," त्या शेवटी वैतागून म्हणाल्या.

"तत्त्वाचा प्रश्न आहे," म्हणत मालकांनी कंबर कसली, आणि शेवटच्या गठ्ठ्याला जे वाकले ते वाकलेच राहिले. मग हळूहळू काउंटरसमोर आडवे झाले. गठ्ठा छातीवर.

मामा आणि मावशी धावत रेघेपर्यंत आले. "येऊ का पुढे?" मामांनी अदबीने विचारलं.

"या," मालक कण्हत म्हणाले.

मामांनी गठ्ठा टेम्पोत टाकला आणि चादरी वेळेत निघाल्या. मावशींनी मालकांच्या डोक्याखाली टॉवेलची घडी सारली. मालकीणबाईंनी डॉक्टरांना बोलावून आणलं.

"कंबर धरलीय," डॉक्टर म्हणाले. "पण आज इकडे सुट्टी. माझी फी दुप्पट पडेल. पलीकडे असता तर नेहमीचीच."

मालकांचे डोळे चमकले. "मामा, मला जरा रेघेपलीकडे ओढा."

"कुणी हात लावू नका, भलतंच होऊन बसेल," डॉक्टर म्हणाले. "हलवायचं तर मीच हलवीन. पण ते कामही इकडचंच धरावं लागेल."

मालक छताकडे बघत राहिले. फरशी गार होती. चादरी गेल्या होत्या, हॉटेल हातचं सुटलं नव्हतं. भर दिवसा असं आडवं होऊन त्यांना कित्येक वर्षं झाली होती. त्यांना चक्क बरं वाटत होतं.

"सगळ्यांना दुप्पट दे," ते बायकोला म्हणाले. "डॉक्टरांनाही. आणि मला इथंच पडू दे. आज सुट्टी आहे."