तांबोळीकाकांची चारशे मतं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, घरातसुद्धा नाही. हुसेन तांबोळींच्या शब्दावर चारशे मतं पडतात, अशी बातमी गेल्या निवडणुकीत आमच्या प्रभागात पसरली होती. ती मी पसरवली होती. त्यात खरं मत एकच होतं, ते म्हणजे खुद्द तांबोळीकाकांचं, आणि तेही मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत ‘विचाराधीन’ असायचं. बायकोचं मत आपल्या हातात आहे असं म्हणायचीदेखील त्या माणसाची छाती नव्हती.

काका कोण ते आधी सांगतो, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही.

ते माझ्याच कंपनीत प्रेस शॉपला होते, आता रिटायर झालेत. मूळचे करमाळ्याचे. आमची गल्ली तळवड्याच्या टोकाला आहे. तिथं महापालिकेची हद्द संपते आणि देहूरोडच्या बाजूची कँटोन्मेंटची हद्द सुरू होते. नक्की कुठं संपते आणि कुठं सुरू होते हे आम्हाला अजून समजलेलं नाही. या जागेचाच काकांच्या डोक्यावर परिणाम झाला असावा. काहीही घडलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. “हे कुणाच्या अखत्यारीत येतं?”

एकदा कॅन्टीनमध्ये चहा थंड आला. आम्ही सगळे ओरडलो. काकांनी हात वर केला. “थांबा. चहा थंड हा कॅन्टीनवाल्याचा विषय हाय. पण थर्मास बिघडला आसंल, तर तो मेंटेनन्सचा. आधी ठरवा, मग वरडा.” ठरेपर्यंत सुट्टी संपली. त्या दिवशी कुणालाच चहा मिळाला नाही, थंडसुद्धा.

घरात तर त्यांनी राज्यघटनेप्रमाणे वाटणी केली होती. पैसा आणि पाहुणे केंद्राकडं, म्हणजे स्वतःकडं. स्वयंपाक राज्याकडं, म्हणजे रशीदाकाकूंकडं. मीठ मात्र समवर्ती, दोघांनाही अधिकार. त्यामुळं त्यांच्याकडचं कालवण एकतर अळणी असायचं नाहीतर दोनदा खारट. मी एकदा जेवायला असताना काका म्हणाले, “मीठ जास्त पडलंय.”

काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, “मग केंद्रातनं पाणी घ्या.”

गल्लीच्या तोंडाशी एक खड्डा होता. पोरांनी वर्गणी काढून मुरमाची ट्रॉली आणली, तर काका खड्ड्यापुढं उभे. “अर्धा खड्डा ह्या हद्दीत हाय, अर्धा त्या. तुमी भरून टाकला, तर तो कुणाचा होता ह्ये कधीच ठरणार न्हाई.”

ट्रॉलीवाला वैतागला. “चाचा, मुरूम कुठं ओतू तेवढं सांगा, मला मोशीला जायचंय.”

शेवटी मुरूम अर्ध्याच खड्ड्यात पडला. तेव्हापासून दुचाकीवाले तिथं आधी वर चढायचे, मग खाली जायचे, आणि दोन्ही वेळा काकांची आठवण काढायचे.

काकांचं बरोबर असायचं असंही नाही. मला त्यांनी पाण्याच्या मीटरसाठी तहसील कचेरीत पाठवलं होतं. तिथला शिपाईसुद्धा हसला. पण शुक्रवारी दुपारची नमाज सुटली, की आमच्या गल्लीतल्या छोट्या मशिदीच्या पायरीवर त्यांच्याभोवती चार-पाच जण बसलेले असायचेच. कुणाचं रेशन कार्ड, कुणाचा भाडेकरार, कुणाचं भावाशी बिनसलेलं. सल्ला चुकला तरी चालायचं, कारण काका शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. निघताना लोक ‘काका, दुवा करा’ म्हणायचे. त्या पायरीवर बसलेला माणूस कंपनीतल्यापेक्षा वेगळा दिसायचा. पाठ ताठ.

आता निवडणूक.

त्या निवडणुकीत माझा गोंधळ उडाला नाही असा एक दिवस गेला नाही. मी ज्यांच्या प्रचारात फिरायचो ते नगरसेवक व्हायला निघालेले आमचे शेठ तिकीट एका पक्षाचं मागत होते आणि बॅनर दुसऱ्याचे छापून तयार होते. मुंबईत ज्यांची युती होती ते आमच्या चौकात भांडत होते, आणि चौकात भांडणारे एकाच ढाब्यावर जेवत होते. माझ्या गाडीच्या डिकीत दोन रंगांची उपरणी होती. सकाळी निघताना मी शेठच्या ड्रायव्हरला फोन करायचो, “आज कुठलं?” कधी कधी त्यालाही माहीत नसायचं.

मी शेठकडं का जायचो, तर माझ्या निलेशसाठी. तो चाकणला एका कंपनीत कंत्राटी होता. सहा-सात महिने झाले, की ब्रेक. मग घरी बसणं, मग पुन्हा नवा गेटपास. तिथं कामगार पुरवायचं कंत्राट शेठच्या मेव्हण्याकडं होतं. शेठनी एक शब्द टाकला असता तर निलेश कायम झाला असता. त्याचं लग्न त्या कायम होण्यावरच अडलं होतं.

एका बैठकीत शेठनी विचारलं, “अल्पसंख्याकांत आपली कुणाशी ओळख आहे?” सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मी हात वर केला. माझी पात्रता एवढीच, की कंपनीच्या बसमध्ये कैक वर्षं मी तांबोळीकाकांच्या शेजारी बसलो होतो आणि ईदला त्यांच्याकडं शिरखुर्मा प्यायचो. मला जागच्या जागी ‘अल्पसंख्याक समन्वयक’ करण्यात आलं.

“किती मतं आहेत त्यांच्याकडं?”

“बरीच.”

“बरीच म्हणजे?”

“शंभरेक असतील.”

शेठनी मान दुसरीकडं वळवली. माझ्या तोंडून निघून गेलं, “शंभर तर नातलगांचीच. बाकी धरून चारशे.”

मान परत माझ्याकडं आली. “मुलाचं काय म्हणत होतास तू?”

असा तो आकडा जन्माला आला.

दोन दिवसांनी शेठ हिरवी शाल आणि खजुराचे डबे घेऊन काकांच्या दारात उभे राहिले. “आदाब, चाचाजान! आपके कौम के वास्ते हम जान हाजिर करेगा!”

काका म्हणाले, “मराठीत बोला की शेठ. मी करमाळ्याचा हाय, कराचीचा न्हाई.”

काकूंनी डब्यांकडं बघितलं. “ह्यांना शुगर हाय.”

शेठ डगमगले नाहीत. त्यांनी उर्दू वाचनालय कबूल केलं, आणि निवडून आलो की स्थानिकांना नोकऱ्या देण्याचा कायदा करीन म्हणाले. ‘कायदा’ शब्द ऐकल्यावर काकांना तरतरी आली. “नगरसेवक कायदा करतो व्हय? कायदा विधानसभेत होतो. तुमी फार तर ठराव कराल.”

“चाचा, भावना समजून घ्या.”

“भावना समजली. पण ती कुठल्या सभागृहात मांडणार? आणि वाचनालय उर्दूच कशाला? मला उर्दू वाचाया येत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी समोरच्या पक्षाचा उमेदवार आला. चारशेची बातमी तिकडंही गेली होती. हा गडी नुकताच चौकात ‘शेठ मतांसाठी लांगूलचालन करतात’ असं घसा फोडून सांगून थेट काकांकडं आला होता, आणि त्याच्याही हातात खजूरच होते. तो म्हणाला, “चाचा, वर आमचीच सत्ता आहे. वर कायदा झाला की खाली सगळं आपोआप होतं.”

“वरनं आपोआप फकस्त पावसाचं पाणी येतं,” काका म्हणाले, आणि अर्धा तास त्याला केंद्र, राज्य आणि महापालिका यांतला फरक समजावत बसले. तो मान डोलवत राहिला. चारशे मतांसाठी माणूस बरंच काही ऐकून घेतो.

काका खुशीत होते. त्यांनी चार प्लास्टिकच्या खुर्च्या विकत आणल्या. मला म्हणाले, “वाद बसून व्हावा, माने. आता लोकांना मुद्द्याची किंमत कळाया लागली.” मी मान हलवली. लोक मुद्द्यासाठी येत नाहीत हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं की नाही ते कळत नव्हतं. अजूनही नीटसं कळलेलं नाही.

प्रचार संपत आला तेव्हा कुणीतरी शेठचे कान भरले, की माने थापा मारतो. शेठ आठ-दहा जणांना घेऊन काकांच्या घरी आले. मलाही बोलावून घेतलं. या वेळी शाल नव्हती, हिंदी नव्हती. शेठ खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत.

“चाचा, सरळ विचारतो. हा माने म्हणतो, चारशे मतं तुमच्या शब्दावर आहेत. खरं का खोटं? खोटं असेल तर ह्याचं आणि ह्याच्या पोराचं काय करायचं ते मी बघतो.”

काकांनी माझ्याकडं बघितलं. आकडा त्यांच्या कानावर पहिल्यांदाच पडत होता, निदान माझ्यासमोर तरी. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होतो. काका आता काय बोलणार ते मला पाठ होतं. मत ही मतदाराची स्वतःची बाब, त्यावर दुसऱ्याचा अधिकार चालत नाही, अशी सुरुवात होणार आणि निलेशचा गेटपास तिथंच संपणार.

काका म्हणाले, “व्हय. असतील तेवढी.”

एवढंच. अखत्यार नाही, पोटकलम नाही. काकू दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

शेठनी लगेच काकांच्या गळ्यात उपरणं टाकलं आणि फोटो काढला. सकाळी चौकात फ्लेक्स लागला. ‘अल्पसंख्याक समाजाचा शेठना जाहीर पाठिंबा.’ त्यात काकांचं तोंड अर्धवट उघडं आहे. फ्लेक्स कुठं लावणार आणि त्या जागेला परवानगी कुणाची, असं ते फोटोवाल्याला विचारत होते. तेवढीच त्यांची नेहमीची खूण त्यात राहिली.

मग शुक्रवार आला. मी मशिदीसमोरच्या टपरीवर चहा घेत उभा होतो. नमाज सुटली आणि काका पायरीवर बसायला गेले, तर तिथं आधीच माणसं उभी होती. पुढं एक रिक्षावाला तरुण. काकांनीच त्याला परमिटसाठी तीन ऑफिसांत फिरवलं होतं आणि तरी तो त्यांना मानायचा.

“चाचा, आमच्या वतीनं पाठिंबा द्यायचा अधिकार तुमाला कुनी दिला?”

दुसऱ्या माणसानं आवाज चढवला. “अधिकाराचं राहू दे. किती घेतले ते बोला.”

जन्मभर सगळ्यांना जो प्रश्न विचारला तो काकांना कुणीतरी विचारत होतं, आणि त्यांच्याकडं उत्तर होतं. उत्तर समोरच्या टपरीवर उभं होतं, हातात चहाचा ग्लास घेऊन. काकांची नजर रस्त्यापलीकडून माझ्यावर आली. मी पाठ फिरवली आणि टपरीवाल्याकडं बिस्किटाचा पुडा मागितला. मला बिस्कीट नको होतं.

मागं काकांचा आवाज ऐकू आला. “माझी चूक झाली.”

शेठ निवडून आले. का आले ते कुणालाच सांगता येत नाही. समोरच्यांच्या दोन गटांनी एकमेकांना पाडलं असं काही जण म्हणतात. शेठ म्हणतात, चारशेनं काम केलं. ते इतक्या वेळा म्हणतात, की मलाही मधूनच वाटतं, पडली असतील का खरंच? निलेश कायम झाला. मी पेढे घेऊन गेलो तेव्हा काकांनी एक पेढा मोडला, नखाएवढा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, “आता लवकर लग्न उरका पोराचं.”

काका त्या पायरीवर नंतर बसले नाहीत. लोक त्यांना हटकत नाहीत, नुसते बाजूनं निघून जातात. रेशन कार्डवाले आता दुसऱ्या कुणाकडं जातात. एकदा काकू मला वाटेत भेटल्या. “मानेभाऊ, तुमीच सांगा ह्यांना काहीतरी. दोन मिनटांवर मशीद असताना हा माणूस शुक्रवारी बस धरून देहूरोडला जातो. का, म्हणून विचारलं तर म्हणतो, तिकडचे पंखे चांगलेत. तिथं ह्यांना कुणी वळखतबी न्हाई. जातो, नमाज पढतो, कुणाशी न बोलता परत येतो.”

पुढच्या शुक्रवारी मी बस थांब्यावर गेलो. काका धुतलेला झब्बा घालून एकटेच उभे होते. मी इतके दिवस जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

“काका, त्या दिवशी तुम्ही हो का म्हणालात?”

बस येते का ते त्यांनी वाकून बघितलं. “तुमचं तोंड बघवंना, माने. बसमधी एवढी वर्षं शेजारी बसला, पर आसं तोंड कधी पाह्यलं नव्हतं.”

“पण लोक तुम्हाला काय काय बोलले. मी सांगून टाकतो सगळ्यांना.”

“आत्ता नको. पोरगं नुकतंच चिकटलंय. शेठला कळलं तर उद्या काढतील.” बस आली. चढता चढता ते म्हणाले, “तुमी घरी जा. ऊन लई हाय.”

मी घरी गेलो. खरं म्हणजे ‘आत्ता नको’ ऐकून मला हायसं वाटलं होतं, आणि तेवढ्यावरच मी इतके महिने काढले. निलेशचं लग्न होऊन गेलं. काका आले होते, मागच्या रांगेत बसले, जेवून गेले.

आमच्या मशिदीसमोर एखाद्या शुक्रवारी नमाज सुटताना उभं राहून मला लोकांना सांगायचं आहे, की हुसेन तांबोळींनी कुणाचं मत विकलं नाही, कुणाकडून काही घेतलं नाही. चारशेचा आकडा मी सांगितला होता आणि त्याचा फायदा माझ्या मुलाला झाला. हे मी त्यांचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.