रंगून, उडत दोन दिवस

बाळांनो, सावकाश ऐका. कुणालाच कुठं जायचं नाही.

कलकत्त्याच्या पलीकडे, खाडीच्या काठाला एक जंगल होतं. तिथं वडावर एक साळुंकी राहायची. तिचा भाऊ लग्न करून रंगूनला जाऊन राहिला होता. एके दिवशी निरोप आला. भावाच्या घरट्यात पिल्लू झालं, बाराव्या दिवशी बारसं.

आता बारसं म्हटलं की आत्या हवीच. पिल्लाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. मग बाकीच्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. आत्या नाही, तर नाव नाही. साळुंकीनं नावही ठरवून टाकलं, गगनराव.

पूर्वी पाखरं नुसती उडायची. पण त्या वर्षी तळ्याकाठी बगळेबुवांनी कचेरी उघडली होती. बाहेर पाटी होती : 'कलकत्ता ते रंगून. हवेतलं अंतर हजारेक किलोमीटर. वेळ दोन दिवस.'

"दोनच दिवस? मी उगाच धास्तावले होते," साळुंकी म्हणाली.

"सरळ रेषेत मोजलंय, बाई. बसा रांगेत."

"रांग कशाला?"

"दोन दिवसांत पोहोचायचंय ना? मग चार दिवस आधी यावं लागतं."

साळुंकी बसली. चौथ्या दिवशी तिची पिसं मोजली. मोजताना एक गळलं. मग पुन्हा मोजणी, पुन्हा चार दिवस.

आठव्या दिवशी बगळेबुवा म्हणाले, "चोच टोकदार आहे. जमा करा."

"मग पिल्लाच्या कानात नाव कशानं सांगू?"

बगळेबुवांनी विचार केला. चांगला दीड दिवस केला. "बरं, चोच न्या. नाव किती अक्षरी?"

"पाच."

"सोबत दोनच नेता येतात. उरलेली तीन मागून येतील."

"गग म्हणून कुणी हाक मारतं का हो? आणि मी आपली आपण उडाले तर?"

"पोहोचाल की. पण तो प्रवास धरला जाणार नाही."

साळुंकी सरळमार्गी होती. न धरलेला प्रवास करून चारचौघांत कसं जायचं? ती बसून राहिली. बारावा दिवस गेला. रंगूनला पाहुणे जेवून उठले. पिल्लू बिननावाचंच राहिलं.

महिन्याभरानं एक धुळीनं माखलेलं पोरगेलं पाखरू तळ्याकाठी रांगेपाशी उतरलं.

"इथं माझी आत्या कोण? नाव नाही म्हणून सगळे मला 'ए' म्हणतात."

"अरे लेकरा, आलास कसा?"

"उडत."

"किती दिवस लागले?"

"मोजले नाहीत."

बगळेबुवांनी वही उघडली. "नाव?"

"तेच तर न्यायला आलोय."

"नाव नाही, म्हणजे तुम्ही आलेलेच नाहीत," असं म्हणून त्यांनी वही मिटली.

साळुंकीनं पोराच्या कानात पाचही अक्षरं सांगितली. अख्खी रांग उठली आणि तिच्या पाठीत धपाटे घालून परत जागेवर बसली. पोरगं आत्याच्या पाया पडलं. घरी परतायला त्यानं पंख उघडले.

"थांबा, गगनराव," बगळेबुवा म्हणाले. "आता नाव आहे ना? मग बसा आत्याच्या मागे."

दोघं अजून तिथंच आहेत. पाटीही तीच आहे.

तात्पर्य : अंतर बरोबरच मोजलेलं असतं. चूक पाखरांचीच. नातेवाईक इतक्या लांब ठेवूच नयेत, रांगेतच जोडावेत.