तांबड्या शाईची बचत

पाच रुग्णालयांच्या एका समूहाने आपला कारभार कागदमुक्त करायचे ठरवले, तेव्हा सर्वप्रथम एक नियोजन समिती नेमण्यात आली. समितीत वित्त विभागाचे सदस्य होते, बांधकामाचे होते, प्रसिद्धीचे तर दोघे होते. डॉक्टर आणि परिचारिका कामात असल्याने त्यांना त्रास देण्यात आला नाही.

जुन्या फायली स्कॅन करून संगणकात भरायच्या आणि कागदांचा लगदा करायचा, असा ठराव झाला. रुग्णालयाच्या छापील कागदांवर तांबड्या रेघा होत्या. त्या फुकट जागा खातात हे समितीने नेमलेल्या सल्लागाराच्या नजरेने अचूक हेरले, आणि स्कॅनिंगच्या यंत्राला तांबडा रंग वगळण्याचा आदेश देण्यात आला. जागेची इतकी बचत झाली की समितीने उभे राहून टाळ्या वाजवल्या.

आता या पाचही रुग्णालयांत एक जुनी पद्धत होती. जे औषध रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, त्याचे नाव फाइलीवर तांबड्या शाईने लिहीत. तांबड्या शाईने फक्त तेवढेच लिहीत. समितीला हे ठाऊक नव्हते, कारण ज्यांना ठाऊक होते ते कामात होते.

नव्या व्यवस्थेत एक वृद्ध गृहस्थ पायाच्या जखमेसाठी दाखल झाले. बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात त्यांची हयात गेली होती. नुसते पाणी मागितले तरी अख्खा वॉर्ड जागा होई. सोबत सून होती. परिचारिका इंजेक्शन भरू लागली तशी सून ताडकन उठली.

"सिस्टर, हे नका देऊ! बाबांना चालत नाही हे. मागे घसा सुजून मरता मरता वाचलेत. तुमच्याच फाइलीवर लिहिलंय, तांबड्या अक्षरांत."

परिचारिकेने पडद्यावर पाहिले. तिथे स्वच्छ कोरी जागा होती. "इथे तर काहीच नाही हो."

"मग आता लिहा ना!"

"नातेवाइकांचं म्हणणं लिहायची सोय तिसऱ्या टप्प्यात येणार आहे. जुना कागद असेल तर आणा."

"अहो, कागद तुमच्याकडेच होता!"

डॉक्टरांना बोलावण्यात आले. ते भले गृहस्थ होते. "ताई, तुमच्यावर अविश्वास नाही. पण औषध बदलायला गेलो की मशीन कारण विचारतं, आणि कारणांच्या यादीत 'सुनेनं सांगितलं' असं काही नाही."

सुनेने पेन काढले, सासऱ्यांच्या हातावर ठळक अक्षरांत 'हे इंजेक्शन देऊ नये' असे औषधाच्या नावासकट लिहिले आणि वरिष्ठांना गाठायला ती धावत गेली. तेवढ्यात नोंदणी अधिकारी आले. समूहाचे धोरण होते, एक रुग्ण, एक नोंद. हातावरचा मजकूर ही दुसरी नोंद ठरत असल्याने स्पिरिटच्या बोळ्याने ती पुसण्यात आली.

"अहो, खरं आहे ते! मला नाही चालत!" सासरे गाडी सुटताना ओरडावे तसे ओरडले. 'रुग्ण चिडचिडा आहे,' अशी नोंद झाली. त्यासाठी रकाना होता.

वेळ टळली तर चूक परिचारिकेच्या नावावर पडणार होती. तिने नजर चुकवत सुई टोचली.

घसा सुजला, श्वास अडला, नळी घालावी लागली. जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच.

समितीने या घटनेबद्दल समाधान व्यक्त केले. रुग्णाला हे औषध चालत नाही, याचा पुरावा प्रथमच व्यवस्थेच्या देखरेखीखाली मिळाला होता आणि त्याची नोंदही रीतसर झाली होती. उरलेल्या रुग्णांची माहितीही याच खात्रीशीर पद्धतीने गोळा करावी, अशी शिफारस एकमताने मंजूर झाली.

घरी सोडताना मशीनने अभिप्राय मागितला. पाचपेक्षा कमी स्टार दिले की ते कारण विचारी, आणि यादीत होते फक्त पार्किंग आणि चहा. अभिप्राय पुरा झाल्याशिवाय सुटकेची मंजुरी मिळत नव्हती.

"बाबा, काय करू?" सुनेने रडवेल्या आवाजात विचारले.

सासऱ्यांनी तोंड उघडले. नुसती हवा आली. त्यांनी दाराकडे बोट दाखवले. सुनेने पाच स्टार दाबले.

परवा आईला कुठे दाखवावे म्हणून तुम्ही मोबाइल हातात घेतलात, ते स्टार पाहिलेत आणि निर्धास्तपणे तिथली वेळ घेतलीत. आईला कुठले औषध चालत नाही, असे बायकोने विचारले. तुम्हांला काही आठवेना. तुम्ही म्हणालात, "असेल की त्यांच्याकडे लिहिलेलं."