एक खांब मागे

सुपडू कुणाच्या बरोबरीने चालत नाही. त्याला चहाला चल म्हणा, तो येतो, पण विजेच्या एका खांबाचं अंतर ठेवून मागून येतो. तुम्ही थांबलात की तोही थांबतो आणि पानटपरीवरच्या पुड्या बघत बसतो. एसटीत सगळ्यांना आधी चढू देतो, म्हणून त्याला आजवर बसायला जागा मिळालेली नाही. एकदा वरातीत घोड्याच्या मागे चालला. घोड्याने लाथ घातली. दवाखान्यात पालथा पडून मला सांगतो, "आबा, समोरून मानूस खोटा, मागून खरा. घोडाबी."

धंदा खाजगी गुप्तहेराचा. जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे, तिच्या माडीवर त्याची खोली. तिथे तो नवे हेर तयार करतो. क्लासची पाटी आहे, पण भिंतीकडे तोंड करून लावलेली. मी म्हटलं, "अरे, लोकांना कळणार कसं?" तर म्हणे, "आबा, तीच प्रवेशपरीक्षा शे."

मी चौथी शिकलेला माणूस. जन्म जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलण्यात गेला. तेव्हा गोड गोड लिहिता येत नाही. सुपडू येडा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

त्याचं मुख्य काम सोयरिकीच्या चौकशीचं. पोरगा पितो का, पोरीचं आधी कुठे जमलं होतं का. बाकीचे हेर शेजारीपाजारी विचारतात. हा विचारत नाही, मागून चालतो. दोंडाईच्याच्या एका मुलाच्या मागे तो पूर्ण दिवस फिरला आणि मुलीच्या बापाला एवढंच सांगितलं, "पोरगा उतारावर बापाचा हात धरस. देऊन टाका." दिली. सुखात आहे.

शिष्य मात्र नग. एक रिटायर कंडक्टर. माणसाचा पाठलाग करताना त्याला राहवत नाही, मागून ओरडतो, "पुढे सरका!" दुसरा असोद्याचा केळीवाला. त्याला धरणगावात एका दुकानदाराच्या मागे लावलं. आपल्याकडे मागून चालणाऱ्याला माणूस वळून विचारतोच, कुठले तुम्ही? विचारलं. हा म्हणाला, असोद्याचे. दुकानदाराच्या मावशीचं सासर असोदा निघालं. संध्याकाळी केळीवाला हात पुसत माडीवर हजर. सुपडू कपाळ बडवत म्हणाला, "मी तुले मागे धाडं, आन् तू जेवीसन उना?"

"भरीत होतं भाऊ," केळीवाला म्हणाला. "नाही म्हणता आलं नाही."

तेव्हा हसायला माझी बायको द्वारकाही होती. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी ती गेली. सुपडू तिला अक्का म्हणायचा.

ती गेल्यापासून माझं एक विचित्र झालं आहे. तिचा चेहरा आठवतो, फोटो समोरच आहे. पण फोटोतली बाई उभी आहे. मला ती हलताना दिसत नाही. स्वप्नात येते तीही उभीच, पदर नीट करून, जसा फोटोवाल्याने सांगितला तसा. आम्ही रोज संध्याकाळी भाजीबाजारात जायचो. आमच्यात रीत अशी की मालक पुढे, बाई मागे. जन्मभर तिच्या बांगड्या मागून ऐकल्या. ती चालते कशी, हे मी कधी पाहिलंच नाही. आता कुणाला विचारणार?

सुपडूला एवढंच म्हटलं होतं, "द्वारका दिसत नाही रे." तो दोन दिवसांनी आला आणि म्हणाला, "आबा, धुळ्याला चला. आमच्या लोकांचं संमेलन शे. माझं भाषण शे."

मंगल कार्यालयात खानदेशातले, नाशिककडचे खाजगी हेर जमले होते. एकमेकांच्या ओळखी वाढाव्यात, हा हेतू. छातीला लावायला बिल्ले दिले, नाव लिहा म्हणाले. जवळजवळ सगळ्यांनी पाटील लिहिलं. खानदेशात ते खरंही असेल, काय सांगावं. चहाच्या टेबलाशी एकाने दुसऱ्याला विचारलं, "कुठले आपण?" दुसरा म्हणाला, "आपण कुठले?" चहा संपला तरी दोघांचं गाव निघालं नाही. हॉलमध्ये सगळ्यांना शेवटची रांग हवी होती, पाठीला भिंत लागावी म्हणून. संयोजक हात जोडून दमला. पहिल्या रांगेत मी एकटा, आणि माझी तारेने बांधलेली चप्पल. अंगठा मागच्या महिन्यात तुटला. पूर्वी माझी चप्पल तुटलीच नाही कधी. झिजायच्या आत दारात नवी यायची.

एका जवान हेराने कॅमेरे आणि मोबाइल दाखवले. म्हणाला, आता मागे फिरायची गरज नाही, सगळं घरबसल्या कळतं. टाळ्या पडल्या. मग सुपडू उठला.

"मोबाइल घरी राहू शकस," तो म्हणाला. "मानूस मिशी काढस, कपडा बदलस. चाल बदलत नही. पाहा."

आणि चालून दाखवायला लागला. आधी प्यालेला माणूस. मग न प्यालेला, पण बायको प्यालाच म्हणणार हे माहीत असलेला माणूस. लोक पोट धरून हसले.

मग म्हणाला, "आता एक बाई. ही कोन, ते वळखा." त्याने माझी कापडी पिशवी मागितली, चपला काढल्या आणि आमच्याकडे पाठ करून चालू लागला.

डावा पाय जरा उशिरा उचलायचा. पिशवी या हातातून त्या हातात. कोपराने पदर मागे सारायचा. मान खाली. मग एकदम दोन पावलं पळायची आणि पुन्हा सावकाश. असा तो ढेरीवाला, टकल्या माणूस हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. लोक हसत होते. पंखे फिरत होते. माझ्या कानात बांगड्या वाजायला लागल्या.

"गुडघा दुखतो बाईचा," मागून एकजण म्हणाला.

"हो. आनखी?"

"पळते कशाला? उशीर झालाय?"

"नही. पुढे मालक शे. तो भरभर चालस, मागे पाहत नही. अंतर पडलं की ती पळस."

"आणि मान खाली का?" जवान हेराने विचारलं.

सुपडू वळला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्याच्या टाचा पाहस. चप्पल झिजनी का ते."

मी पाय खुर्चीखाली घेतले.

परतीच्या एसटीत सुपडू माझ्या मागे दांडा धरून उभा होता. पारोळा गेल्यावर मी न वळता म्हटलं, "आमच्या मागे फिरत होतास?"

"हो."

"किती दिवस?"

"अक्का बाजारात येत होत्या तोवर."

"कशाला रे? आमची कुणी चौकशी लावली होती?"

"सराव म्हनून सुरू केलं." एरंडोलच्या थांब्यावर त्याने चढणाऱ्यांना वाट दिली, मग पुढचं बोलला. "नंतर सवय झाली. आबा, माझ्या खोलीवर कोन शे? तुम्ही पुढे, अक्का मागे, मी त्यांच्या मागे. तिघं मिळून घरी जायचो. तुमचं दार लागायचं, मग मी माझ्या खोलीवर. एकदा अक्कांनी वळून पाहिलं. मी टपरीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवसापासून त्या दाराशी जरा थांबायच्या, मी गल्लीत शिरेपर्यंत."

जळगावात उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. रस्त्यावर धूळ सोन्यासारखी तरंगत होती. सुपडू नेहमीसारखा मागे थांबला, मी पुढे व्हावं म्हणून.

"आज तू पुढे हो," मी म्हटलं.

"माले पुढे चालता येत नही, आबा."

"येतं. दुपारी चाललास तसा चाल."

त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि निघाला. डावा पाय जरा उशिरा. पिशवी या हातातून त्या हातात. बाजारातली माणसं बघत होती, बघू देत. मी एका खांबाचं अंतर ठेवलं. पुढे कोणीच नव्हतं, तरी तो मध्येच दोन पावलं पळायचा.

मी भरभर चाललो नाही.