तात्यांच्या सायकलीची सोंड

तुम्ही मुलं विमानानं ये-जा करता, पण विमानाचं नाक सायकलीला लावलेला माणूस तुमच्या पाहण्यात नसेल. मी पाहिला आहे, श्रीगोंद्याच्या आठवडी बाजारात, भर दुपारी. गर्दीतून आधी लाल-पांढरे पट्टे रंगवलेला चार हात लांब बांबू आला. त्याच्या टोकाला पत्र्याचं नरसाळं आणि नरसाळ्याला केसांची रिबीन. मागून सायकल, आणि तिच्यावर आमचे शेजारी तात्या नलावडे. तात्या रिबिनीकडे बघत होते. पुढे पाठमोरी उभी असलेली म्हैस कुणाकडेच बघत नव्हती.

नंतर काय झालं त्याचं वर्णन करत नाही. टोमॅटोचा ढीग होता, मी त्याच्याशेजारी उभी होते, आणि माझं पांढरं पातळ पुन्हा कधी पांढरं झालं नाही.

"वारा मोजत हुतो, वहिनी!" तात्या रस्त्यात बसूनच म्हणाले. "म्हशीनं हवा ढवळली."

ही बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तुमचे आजोबा साखर कारखान्यात इंजिनिअर होते आणि तात्या तिथल्याच प्रयोगशाळेत उसाचा रस तपासायचे. कॉलनीत आमची घरं समोरासमोर. तात्यांना मोजण्याचं वेड होतं. एकदा त्यांना जेवायला बोलावलं, तर त्यांनी खिशातून थर्मामीटर काढून माझ्या आमटीत बुडवला! मी पळी हातात धरून उभीच राहिले. त्यांची बायको सखूबाई पदरात तोंड लपवून हसली. ती सदा हसतमुख.

बांबूचा उगम मात्र माझ्याच घरी झाला. माझ्याकडे एक इंग्रजी मासिक यायचं. त्यात नव्या प्रवासी विमानाचा फोटो आला होता, चाचणीच्या उड्डाणातला. विमानाच्या नाकावर लांबलचक टोकदार नळी.

"ही सोंड कशापायी?" तात्यांनी विचारलं.

मी वाचून सांगितलं. उडताना विमान आपल्याभोवतीची हवा ढवळून काढतं. त्याच्या अंगालगत वेग मोजला तर आकडा चुकीचा येतो. म्हणून चाचणीपुरती ही नळी नाकावर लावतात. तिचं टोक पुढच्या शांत हवेत राहतं. चाचण्या झाल्या की नळी काढून टाकतात.

तात्यांचा चहा बशीतच राहिला.

"म्हंजी मोजाय जानाराच मोजमाप बिघडवतो?"

"हो."

"आन् आजवर मला कुनी सांगितलं न्हाई!" घरात चोरी झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

त्याच आठवड्यात बांबू सायकलीवर चढला. तेव्हापासून तात्यांना सगळीकडे "ढवळलेली हवा" दिसू लागली. गणपतीच्या बैठकीत ते आले आणि बोलणं थांबलं, तर "ढवळली!" म्हणून ते बाहेर गेले आणि मागच्या खिडकीला कान लावून बसले. एकदा बांबू मॅनेजरसाहेबांच्या जीपमध्ये शिरला आणि त्यांची टोपी घेऊन बाहेर आला. सगळी कॉलनी हादरली.

मी सखूबाईला म्हटलं, "अहो, तो बांबू चुलीत घाला एकदाचा!"

"ऱ्हाऊ द्या, वहिनी," ती हसून म्हणाली. "त्यो लई कामाचा हाय."

मला वाटलं, नवऱ्याची बाजू घेते आहे.

मग एक दिवस तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांनी काहीच मोजलं नाही, तेव्हाच मी घाबरले.

"वहिनी, तुमी माझी सोंड व्हाल का?"

"काय?"

"सखूच्या पोटात दुखतंय, असं मला वाटतंय. इचारलं की म्हनती, बरी हाय. मी घरात शिरलो की हसती, चहा टाकती. पुन्याच्या दवाखान्याचं नाव काढलं की भांडती. मी नसताना ती कशी असती, तेवढं बघा. मला दिसती ती सगळी ढवळलेली हवा."

दुसऱ्या दुपारी मी गहू निवडायचं निमित्त करून गेले. सखूबाई खिडकीखाली जमिनीवर पडली होती. गुडघे पोटाशी घेतलेले, ओठ दातात धरलेला. माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

"त्यास्नी सांगू नगा," ती पुटपुटली. तिची नजर खिडकीबाहेर होती.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या भिंतीआडून लाल-पांढरं टोक बाहेर आलं. सखूबाई खिडकीचा गज धरून उठली. तिनं तोंड पुसलं, केस सारखे केले, स्टोव्ह पेटवला. सायकल दारात येईपर्यंत ती हसत होती.

म्हणून बांबू कामाचा!

मी तिचं ऐकलं नाही. संध्याकाळी तात्यांना फाटकाशी गाठलं. "तुमचा बांबू तुमच्या आधी घरी पोचतो, तात्या. तो दिसला की ती उठते."

तात्या खाली बसून बांबूच्या दोऱ्या सोडू लागले. गाठी सुटेनात, मीच सोडल्या.

"चाचनी संपली," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तात्या भरदुपारी चपला हातात घेऊन चालत आले. मग त्यांच्या घरातून आवाज आला, "उठू नगंस, सखू. पडून ऱ्हा." लगोलग ते तिला एस.टी.नं पुण्याला घेऊन गेले.

ऑपरेशन होऊन ती परत आली तेव्हा पार वाळली होती. तात्यांची सायकल पुन्हा सुरू झाली, बिनबांबूची. पण आता ते कोपऱ्यापासूनच घंटी बडवत यायचे. पहिल्या दिवशी ती ऐकून मी धसकलेच, बांबूसारखी हीही आधीच वर्दी देणार म्हणून खिडकीकडे धावले. समोर सखूबाई खाटेवर पडलेली दिसत होती.

घंटी जवळ आली. सखूबाई हलली नाही. सायकल दाराशी थांबली, तेव्हा तिनं नुसता आवाज दिला, "आज दुखतंय जरा. चहा तुमीच टाका."

तात्या उंबऱ्यावर थबकले. मागे वळून मला खिडकीत पाहिलं आणि बाहीनं डोळे पुसले.

"ऐकलंत, वहिनी?" ते ओरडले. "खरा आकडा आला!"