राजहंसांची तीन कोटेशनं

काय सांगू राजेहो, माणसानं सव्वीस वर्षं खरेदी विभागात काढू नयेत. काढलीच, तर घरी येऊन काही विकायला बसू नये.

मी पराते. सरकारी कार्यालयात खरेदीचा लिपिक, राहायला शहराच्या कडेला, बेशाला. आमच्या अंगणात चार राजहंस होते. चित्रातले नाजूक नव्हेत हो. हे पाळीव, बदकाचे दांडगे मोठे भाऊ. माझ्या बायकोनं, उत्तरानं, ओंजळीएवढे होते तेव्हापासून वाढवलेले. ते तिच्यामागे चालायचे आणि माझ्यामागे धावायचे. (फरक काय, ते माझ्या पोटरीला विचारा.)

आमच्या लेकीच्या, मयुराच्या बाळंतपणासाठी उत्तरा तीन महिने पुण्याला जाणार होती. तेवढे दिवस मी आणि त्या चौघांनी एका घरात राहणं ना मला मंजूर होतं, ना त्यांना. म्हणून विकायचं ठरलं.

"भाव बराबर लावा," उत्तरा म्हणाली. डोळे भरून आले होते बिचारीचे. "लई नको, कमी नको. अन् कापणाऱ्याच्या हाती एकबी गेला नाही पाहिजे. तुमच्या भरवशावर सोडून राहिली मी."

आता राजहंसाचा बरोबर भाव काय? पेपरात संत्र्याचा येतो, सोन्याचा येतो, ह्यांचा येत नाही. मग मी मला जे येतं तेच केलं. तीन कोटेशनं मागवली.

पहिलं गोपाळरावांचं. त्यांचं लग्नाचं लॉन आहे. नवरदेव-नवरीच्या फोटोत मागे काहीतरी पांढरंशुभ्र फिरलं पाहिजे, अशी त्यांची हौस. पंधराशे रुपये नग. दुसरं मौद्याच्या धोंडबांचं, शेतावर राखणीला हवे होते. बाराशे. तिसरं काही केल्या मिळेना. पण नियम म्हणजे नियम. म्हणून चौकातल्या कुशल नावाच्या चिकनवाल्याकडून एक लिहून आणलं, नुसतं फाईलपुरतं. (ज्यांनी नोकरी केली आहे ते हसतायत, मला दिसतंय.) त्यानं डोळ्यांनीच वजन केलं आणि नऊशे लिहिले.

मंगळवारी उत्तरा दात दाखवायला धंतोलीला गेली. मी रजा टाकून बसलो, कागदावर रेघा मारल्या, तुलनात्मक तक्ता केला. तीन नावं, तीन दर. पुढचं मी केलं नाही, हातानं केलं. सव्वीस वर्षांची सवय त्याला! हातानं सर्वांत कमी दराभोवती गोल केला, 'मंजूर' लिहिलं, सही ठोकली आणि लगेच फोनही लावला. पंधरा मिनिटांत टेम्पो दारात. आपली फाईल इतक्या झटपट निघाली म्हणून मी स्वतःसाठी चहा टाकला.

उत्तरा आली तेव्हा अंगण रिकामं.

"नेले? कोणं नेले?"

"ज्याचा दर सगळ्यांत कमी, त्यानं." मी ऐटीत तक्ता पुढे केला.

तिनं तो वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"अहो, आपण घेऊन राहिलो होतो का विकून राहिलो होतो?"

मी कप खाली ठेवला. ती चप्पल घालून निघालीसुद्धा. मागे मी, गाडीची किल्ली शोधत.

दुकानात चौघंही धडधाकट होते, देवाची कृपा. कुशलनं त्यांना पिंजऱ्यात घालायचा प्रयत्न सोडून दिला होता आणि तो स्वतःच गल्ल्यामागे स्टुलावर पाय वर घेऊन बसला होता. राजहंस दाराशी रांगेत उभे.

"भाऊ, चूक झाली. नऊशेनं परत दे," मी म्हटलं.

"आता पंधराशे नग, बाबू," कुशल म्हणाला. "धंदा आहे."

मी खिशात हात घातला. उत्तरानं तो धरला.

"राहू द्या. काही घाई नाही. मी बसते इथं." आणि खुर्ची ओढून ती बसली.

पहिलं गिऱ्हाईक आलं, फिस्सकन आवाज झाला, गिऱ्हाईक रस्त्यापलीकडे. दुसऱ्याची पिशवी गेली. तिसरे लांबूनच म्हणाले, "उद्या येतो गा!"

"वहिनी," कुशल हात जोडून म्हणाला, "नऊशेच द्या. अन् टेम्पो माझा."

राजहंस टेम्पोत चढले, ते तिनं हाक मारली म्हणून. तिथूनच तिनं गोपाळरावांना फोन लावला. "दोन हजार नग."

"ताई, लई होते! बाबूनं पंधराशे लिहून नेले होते."

"तो भाव फोटोचा होता, गोपाळराव. हा जिवाचा आहे."

"ते खरं. पण त्याईले सांभाळाले माणूस मी कोठून आणू? त्याचा पगार धरला तर मले पुरत नाही."

उत्तरानं माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

"माणूस त्यातच आला," ती म्हणाली.

"मग भाव बराबर आहे!"

उत्तरा पुण्याला गेली, अगदी निर्धास्त. मी दर मुहूर्ताला लॉनवर असतो, हातात काठी, पायात गमबूट. फोटोत राजहंस फार छान येतात. परवा एका वरबापानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे कोण? मुलीकडचे काय?"

"नाही जी," गोपाळराव म्हणाले, "हे चारावर एक फ्री आले."