बारा मार्चचे कोट तीन मार्चला

"एक तरी मोठी ऑर्डर सांगितल्या तारखेला देऊन दाखवा," मास्तरीणबाईंनी निर्वाणीचं सांगितलं. "नाहीतर दुकानाला कुलूप, आणि आपण मुलाकडे राहायला."

शिंपीकामात मास्तरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. वेळेशी मात्र त्यांचं जन्माचं वाकडं. जो जास्त ओरडेल त्याचं काम आधी, अशी त्यांची पद्धत. मुकाट बसणाऱ्या सज्जन गिऱ्हाइकाची पँट त्याचं पोट सुटल्यावरच तयार व्हायची.

धमकी ऐकून चिरंजीव धावले. ते प्रोग्रॅमर होते. त्यांनी दुकानासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. तो सगळ्या कामांची तारखेप्रमाणे रांग लावायचा आणि पडद्यावर फक्त पुढचं एक काम दाखवायचा.

"बाबा, दिसेल ते शिवायचं. स्वतःचं डोकं लावायचं नाही."

"नाही लावत. पण हे काय? 'शून्य तीन मार्च'? तीन तारखेला शून्य तीन कोण म्हणतं?"

"प्रोग्रॅममध्ये तारीख अशीच लिहितात."

"तुझ्या ऑफिसात लिही. माझ्या दुकानात सकाळी उठून शून्याचं तोंड बघणार नाही मी!"

बापाशी वाद घालण्यापेक्षा शून्य उडवणं सोपं होतं. चिरंजिवांनी एक ओळ बदलली, पुन्हा तपासून न बघता लॅपटॉप मिटला आणि ते कामावर गेले.

मास्तरीणबाईंनी परीक्षेसाठी ऑर्डर निवडली ती गायनवृंदाची. वृंदातल्या सगळ्या पुरुषांना काळे कोट, गळ्याला सोनेरी पट्टी, तीन मार्चला दुपारी द्यायचे, कारण संध्याकाळी कार्यक्रम. वृंदाच्या बाई शिस्तीच्या. गाणाऱ्याचा सूर केसभर सरकला तरी त्या नुसत्या भुवईने त्याला घाम फोडत.

मास्तर इमानदारीने पडद्याबरहुकूम शिवत सुटले. फेब्रुवारी सरायच्या आत पडद्यावर आले बारा मार्चचे, म्हणजे हॉटेलच्या वेटरांचे काळे कोट.

"बघ," मास्तर छाती फुगवून बायकोला म्हणाले, "आत्ताच मी बारा मार्चात पोचलोय!"

"आधीची सगळी कामं झाली?"

"झाल्याशिवाय पुढचं दाखवील का तो?"

मास्तरीणबाईंनी त्या दिवशी त्यांना न मागता दुसरा चहा दिला.

तीन मार्चला सकाळी वृंदाच्या बाईंचा फोन आला. "दुपारी कोट न्यायला येते. तयार आहेत ना?"

"केव्हाच!" मास्तर म्हणाले आणि कपाटाकडे वळले. कपाटात वृंदाचं कापड होतं. घडी न मोडलेलं.

चिरंजीव रजा टाकून आले. पडदा बघताच त्यांचा चेहरा उतरला.

"बाबा, शून्य होतं तोवर रांग बरोबर लागत होती. हा महिना बरोबर लावतो, पण तारखेला आकडा समजत नाही, मजकूर समजतो. पहिला आकडा बघतो फक्त. बाराचा पहिला एक, आणि तीनचा तीन. म्हणून दहापासून एकोणीसपर्यंत सगळे तीनच्या पुढे घुसले. वीसवालेसुद्धा."

"म्हणजे मी शून्य काढायला लावलं म्हणून?"

"आणि मी न बघता काढलं म्हणून."

"वाटण्या नंतर करा!" मास्तरीणबाई कडाडल्या. त्यांची नजर दांडीवर टांगलेल्या वेटरांच्या कोटांवर खिळली होती. "हेही काळेच आहेत ना?"

चिरंजिवांनी हॉटेलच्या मॅनेजरला फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं.

"मला बाराला हवेत," मॅनेजर म्हणाले. "आज कुणालाही घाला. पण काय हो, तुमच्याकडे आधीच तयार झालेत? मास्तरांची तब्येत बरी आहे ना?"

मग दुकानात लगीनघाई उडाली. चिरंजीव खिशावरचं हॉटेलचं नाव उसवू लागले, मास्तरीणबाई सोनेरी पट्ट्या कापू लागल्या आणि मास्तरांचं मशीन आगीचा बंब निघाल्यासारखं धावू लागलं. त्या दुपारी दारात तीन गिऱ्हाइकं ओरडून गेली. मास्तरांनी मान वर केली नाही. बायकोला ते नवीन होतं.

वृंदाच्या बाई आल्या तेव्हा शेवटच्या कोटाला इस्त्री फिरत होती. मास्तरांनी कबूल केलं, "बाई, कापड तुमचं नाही. तुमचं मी शिवलंच नाही. पण कोट माझ्याच हातचे आहेत."

बाईंनी एक कोट उजेडात धरला. भुवई वर गेली. "आत हा लांबट खिसा कसला?"

"बिलाच्या पॅडचा," चिरंजीव बोलून गेले.

"गाण्याचे कागद मावतील," बाई म्हणाल्या आणि भुवई खाली आली.

संध्याकाळी तिघं सभागृहात मागच्या रांगेत बसले होते. पडदा उघडण्याआधी पहिल्या रांगेतल्या कुणीतरी एका गायकाकडे कॉफी मागितली, हे वगळता काही घडलं नाही. खर्जातल्या जाड्या गृहस्थांचं बटण लागत नव्हतं, म्हणून त्यांना मागे उभं केलं होतं. पडदा उघडला. दिव्यांखाली काळे कोट असे काही उठून दिसले की गाणं सुरू व्हायच्या आतच टाळ्यांचा कडकडाट झाला.

मास्तर ताडकन उठले आणि दोन्ही हात जोडून चहूकडे वाकू लागले.

"अहो, खाली बसा! लोक बघतायत. टाळ्या गाणाऱ्यांना आहेत."

"अजून गायलेत कुठे ते? उभं आयुष्य गेलं, आज पहिल्यांदा माझं काम वेळेवर पोचलंय!"

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. डोळे पुसले. मग दुकान कायमचं बंद करायला आणलेलं नवं कुलूप पर्समधून काढलं, किल्लीसकट मुलाच्या हातात कोंबलं आणि स्वतःही उभ्या राहून सगळ्यांपेक्षा मोठ्याने टाळ्या वाजवू लागल्या.